जोडे काढू नयेत

“पायात काय आहे?”

रावसाहेबांनी विचारलं. मी म्हणालो, “बूट.”

“ते दिसतंय. तुझा बाप आमच्या ओटीवर येतो तेव्हा त्याच्या पायात काय असतं?”

“काही नाही.”

“मग?”

ही त्यांची ओटी नव्हती. म्युनिसिपालिटीची कचेरी होती. टेबल, खुर्च्या, विलायतेच्या राणीसाहेबांची तसबीर, टेबलाभोवती सहा सभासद. रावसाहेब अध्यक्ष. मी आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर. नेमणुकीचा कागद माझ्या खिशात असायचा, घडी पडून पडून चिरलेला. आमच्या तालुक्यातल्या कुणब्यांत पहिला बी. ए. मी. हे सांगताना मला लाज वाटत नाही. कंदिलाच्या काजळीत डोळे घालून मिळवलेलं आहे.

पण “मग?” म्हटल्याबरोबर मी वाकलो. विचारही केला नाही. नाड्या सोडल्या, बूट काढले, बाहेर ठेवायला वळलो.

“बाहेर नको. कोणी नेईल. हातात धर.”

सभासद हसले. मी डाव्या हातात बूट धरले, उजव्या हातात कागद धरला आणि वाचायला लागलो. कागदावर मीच लिहिलं होतं : “चुन्याच्या खड्ड्यावर काम करणाऱ्या नऊ इसमांस म्युनिसिपालिटीने बंद जोडे पुरवावेत. अनवाणी पायांनी हे काम करणे धोक्याचे आहे.”

कोणीतरी म्हणालं, “स्वतःचे काढलेस आणि त्यांना घालायला निघालास होय?” पुन्हा हसले. रावसाहेबही हसले. हसता हसता म्हणाले, “मंजूर. द्या जोडे. होऊन जाऊ दे.”

दारात लखू उभा होता. चुन्याच्या खड्ड्यावरचा माणूस. लोधिवलीचा. त्याच्या पोटऱ्यांवर जुने डाग होते, पांढरे, सुरकुतलेले. सभासदांना दाखवावे म्हणून मीच त्याला आणला होता. त्याच्या पायांकडे कोणी बघितलं नाही. तो मात्र माझ्या पायांकडे बघत होता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. कर्जतेहून खालापुराकडे जाताना घाटाच्या पायथ्याशी आहे, एवढं पुरे. मुंबईला गाठीचा ताप सुरू झाला होता. आगगाडीतून माणसं उतरत, पाठोपाठ ताप उतरे. सरकारचा हुकूम आला, घरोघर चुना मारा, गटारांत चुना टाका. मग गावाबाहेर ओढ्यापासून बऱ्याच अंतरावर खड्डा खणला. भट्टीतून कळीचा चुना गाडीने यायचा, खड्ड्यात विरायचा, तिथून पाट्यांनी गावात जायचा.

ज्याने कळीचा चुना विरताना बघितला नाही त्याला सांगतो. दिसायला साधे पांढरे दगड. पाणी लागलं की सळसळतात, फुगतात, फुटतात. विस्तवाशिवाय उकळी येते. अंगावर पडलं तर पुसून जात नाही, खात खात आत शिरतं. आणि ही नऊ माणसं लंगोटी लावून, उघड्या पायांनी, त्या काठावर उभी राहून दांड्याने घोटत होती. दर आठवड्याला एखाद्याचा पाय, एखाद्याचा डोळा. मुकादम धोंडू जखमेवर तेलाचं बोट फिरवायचा आणि माणूस पुन्हा काठावर.

मी तीन गोष्टी ठरवल्या. जोडे घालायचे. खड्ड्यात आधी पाणी भरायचं, मग कळी थोडी थोडी सोडायची. कळीच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही. आणि काठाशी चांगल्या पाण्याचं एक पिंप कायम भरलेलं ठेवायचं. कोणाला चुना लागला तर त्याच पाण्याने धुवायचं. त्या पाण्याला दुसऱ्या कामासाठी कोणी हात लावायचा नाही.

जोडे आले. जाड तळाचे, घोट्यापर्यंत बंद. मी एकेकाला बसवून घालायला लावले. लखूने एक जोडा हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

“बीयेसाब, हा माज्या घरापेक्षा घट्ट हाय. ह्याच्यातच राह्यला जाऊ का?”

सगळे मला बीयेसाब म्हणत. कुत्सितपणे नव्हे. त्यांना ते माझं नावच वाटे.

“राहा. पण खड्ड्यावर काढायचा नाही.”

“आनि गावात पाटी घेऊन जाताना?”

“तेव्हाही नाही.”

त्याने जोडा हळूच खाली ठेवला. मी समजलो नाही. समजायला हवं होतं. मला नाही समजायचं तर कोणाला?

गावात शिरायची वाट रावसाहेबांच्या आळीतून जाते. आळीच्या तोंडाशी चिंच आहे. चिंचेपासून पलीकडच्या विहिरीपर्यंत कुळांनी वहाणा पायातून काढून काखेत मारायच्या, हा रिवाज. कोणी लिहिलेला नाही. कोणी शिकवतही नाही. मी पाच-सहा वर्षांचा असताना भर उन्हात बासोबत त्या आळीतून गेलो. धुळीने तळवे भाजत होते. मी रडायला लागलो. बा म्हणाला, “चल रं, पाय भाजला तर गार पानी लावू. रावसाब तापला तर काय लावू?” आणि स्वतःच हसला. मीही हसलो. आमच्या घरात हा विनोद होता. आम्ही त्यांची कुळं. भिवपुरीकडची आमची भाताची खाचरं त्यांची. बाने ती कसली, आज्याने कसली. पण नाव त्यांचं.

त्या हसण्याची मला आता चीड येते.

महिनाभर खड्डा बरा चालला. एकाचाही पाय भाजला नाही. मी आठवड्याचा कागद कचेरीत देत होतो : “इजा : नाही.” पण आळीतून जाताना नऊच्या नऊ माणसं जोडे काढून पाटीत ठेवत. चुन्याच्या पाटीत, चुन्यावर. पलीकडे विहिरीपाशी पुन्हा घालत. आतून चुना लागलेले जोडे. मला कळलं तेव्हा मी ओरडलो.

“अरे, आत चुना गेलाय! पायाला लागेल!”

मुकादम धोंडू म्हणाला, “झटकून घालत्यात, साब.”

“पण काढता कशाला?”

धोंडू माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी विचारलं होतं, रात्री झोपता कशाला. मग हळूच म्हणाला, “तुमी कचेरीत काढता तसंच.”

मी त्यांना सांगितलं, आळीतून जाऊ नका, ओढ्याच्या बाजूने वळसा घाला. लांब पडायचं, पण गेले. मला वाटलं, मार्ग काढला. बी. ए. झाल्याचा उपयोग केला. खरं तर मी त्यांनाही वळसा शिकवला आणि स्वतःही वळसा घेतला. कचेरीत रोज बूट काढत होतो. आता कोणाला सांगावंही लागत नव्हतं. उंबऱ्याशी आलो की हात खाली जायचा.

मग तो दिवस.

सकाळची वेळ. जिल्ह्याचे साहेब अलिबागेहून पाहणीला यायचे होते, त्याआधी खड्डा आपल्या डोळ्यांनी बघावा म्हणून रावसाहेब आले. छत्री धरायला एक गडी. पायात लाल पुणेरी जोडा. मी काठापाशी उभा होतो. लखू माझ्या शेजारी, हातात दांडा.

रावसाहेब दिसले आणि माझा हात खाली गेला.

मी बूट काढले. मोकळं रान. ना कचेरी, ना ओटी, ना आळी. कोणी काही म्हणालं नव्हतं. मी काढले आणि बाजूला ठेवले. लखूने माझ्याकडे बघितलं. मग दांडा टेकवला, वाकला, आपले जोडे काढले, माझ्या बुटांशेजारी नीट जोडून ठेवले. बाकीच्यांनीही काढले. मी बघत होतो. महिनाभर ज्या एका गोष्टीसाठी मी घसा फोडला ती माझ्या समोर मोडली गेली, आणि मोडायला सुरुवात मी केली.

रावसाहेब म्हणाले, “उकळतो म्हणतात तो कसा, बघू तरी.”

धोंडूला चेव आला. काठावर ताज्या कळीचा ढीग होता. पाणी हवं. ओढा लांब. त्याने पिंप आडवं केलं, दोन घागरी भरल्या, बाकीचं पाणी मातीत सांडलं, आणि मी “नको, नको” म्हणेपर्यंत ढिगावर ओतल्या.

ढीग फुटला. आवाज झाला, वाफ उठली, आणि पांढरा रेंदा काठावरून सरकत आला. मी बाजूला उडी मारली. लखू मागे सरला, पण मागे दांडा आडवा. पडला नाही. उभा राहिला. रेंदा त्याच्या दोन्ही पायांवरून गेला, घोट्यांच्या वरपर्यंत.

तो ओरडला ते मी लिहिणार नाही.

मी पिंपाकडे धावलो. पिंप रिकामं. तळाला ओंजळभर पाणी. ते ओतलं. काय होणार त्याने? आम्ही चौघांनी उचलून त्याला ओढ्याकडे पळवलं, अनवाणीच पळालो, आणि ओढा लांब होता. खड्डा ओढ्यापासून लांब खणा, पाणी खराब होईल, हेही मीच लिहून दिलं होतं. बरोबरच लिहिलं होतं. म्हणून तर पिंप ठेवलं होतं.

जाताना मागून ऐकू आलं. रावसाहेब गड्याला म्हणत होते, “धोतरावर उडालं का बघ रे.”

धोतरावर नव्हतं उडालं. जोड्यावर उडालं होतं. लाल जोडा पांढरा झाला होता. आतला पाय शाबूत.

लखूचे पाय वाचले असं दवाखान्यात म्हणाले. वाचले म्हणजे कापले नाहीत. डाव्या पायाची दोन बोटं गेली. उजव्या टाचेचं मांस गेलं. मी लोधिवलीला गेलो तेव्हा तो पडवीत घोंगडीवर पडला होता, पाय केळीच्या पानावर. त्याची बायको गंगी माश्या वारत होती. मी त्याचे जोडे आणले होते. दुसरं काय न्यावं ते सुचलं नाही.

मी म्हणालो, “लखू, जोडे का काढलेस? मी किती वेळा सांगितलं होतं?”

हे मी खरंच विचारलं. आजही आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

तो रागावला नाही. समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, “तुमी काढलं, मी काढलं.”

गंगी म्हणाली, “बीयेसाब, तुमी शिकल्यालं. आमाला वाटलं, काढायचंच असंल.”

मी तिथे बसू शकलो नाही.

चार दिवसांनी कचेरीतून निरोप आला. रिपोर्ट तयार आहे, सही करून जा. त्यात काय लिहिलंय तेही निरोप्याने सांगितलं. गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दारात बा उभा. भिवपुरीकडून पायी आलेला. वहाणा काखेत.

“बा, घाल की त्या. इथे आळी नाही.”

“आलो तसा आलो.” त्याने घातल्या नाहीत. “रावसाबांनी बोलावनं धाडलं व्हतं. म्हनाले, पोराला सांग, सई कर.”

“कशावर सही आहे माहीत आहे?”

“कशावर का असंना. तुजं काय जातंय?”

“लिहिलंय की लखूने आपल्या मर्जीने जोडे काढले. मग चूक त्याची. मग त्याला काही मिळणार नाही, आणि उद्या दुसऱ्याचा पाय गेला तर त्याचीही चूक.”

बाने काखेतल्या वहाणा सावरल्या. मग म्हणाला, “आनि नाय केलीस तर खाचरं जात्याल. तसं म्हनाले नायत. पन म्हनाले, औंदा पेरनीचं बघू.” मग एकदम चिडला. “तुला शिकवला तो जोडं घालायला व्हय रं? आं? आमच्या पायाला काय झालं? मेलो का आमी?”

त्याने दोन बैलांतला एक विकून मला मुंबईला धाडलं होतं. परत येताना मी पहिल्यांदा बूट घालून घरी आलो, तेव्हा त्यानेच ते पडवीत उंच ठेवले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होता. “पोराचं हाईत,” म्हणत होता.

“बा, तुझ्या पायाला झालंय,” मी म्हणालो. “तुला दिसत नाही एवढंच.”

तो उठला आणि गेला. वहाणा काखेतच.

मी कचेरीत गेलो. उंबऱ्याशी हात खाली गेला. सवय. मी हात वर घेतला. हे लिहायला सोपं आहे. करायला नव्हतं. बुटांसकट आत गेलो. फरशीवर टाचांचा आवाज झाला. सगळ्यांनी वर बघितलं.

“विसरलास काहीतरी,” रावसाहेब म्हणाले.

“नाही.”

त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. “सदर इसमाने पुरविलेले जोडे आपल्या मर्जीने काढून ठेविले होते व हलगर्जीपणे वर्तन केले.” खाली माझ्या नावाची जागा.

मी खिशातून माझा कागद काढून त्याशेजारी ठेवला. त्यात एवढंच होतं : अध्यक्ष खड्ड्यावर आले म्हणून माणसांनी जोडे काढले. माणसांच्या आधी इन्स्पेक्टरने काढले, म्हणजे मी काढले. अध्यक्षांना दाखवण्यासाठी कळीवर पाणी ओतलं गेलं. ते पाणी जखमा धुण्यासाठी राखलेलं होतं. ही चूक लखूची नाही.

रावसाहेबांनी वाचलं. आवाज चढवला नाही. “हे लिहून तू स्वतःलाही बुडवतोस, समजतं?”

“समजतं.”

“बी. ए. झालास. बापाचं अन्न कुठून येतं, ते नाही शिकलास.”

“ते पहिल्यापासून माहीत आहे. एक प्रत अलिबागेला टपालाने गेली आहे.”

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. माझ्या बोलण्याने नव्हे. टपालाने.

अलिबागेहून उत्तर यायला दोन महिने लागले. मला ताकीद मिळाली, कारण माझ्या डोळ्यांदेखत नियम मोडला होता. योग्यच मिळाली. नोकरी राहिली. लखूला थोडीबहुत मदत आणि त्याच्या जागी गंगीला काम देण्याचा हुकूम. रावसाहेबांबद्दल त्या कागदात एक अक्षर नाही. मी तो कागद तीनदा वाचला. नाही म्हणजे नाही.

पेरणीला खाचरं दुसऱ्या कुळाला गेली. बा माझ्याशी बोलत नाही. आता दुसऱ्यांच्या बांधावर मजुरीला जातो. अनवाणी.

मी खड्ड्यावर एक फळी लावली. “येथे जोडे काढू नयेत. कोणीही आले तरी.” नऊ माणसांत एकालाही वाचता येत नाही, म्हणून रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मी ती मोठ्याने वाचतो. धोंडू म्हणतो, “बीयेसाब, देवाला तरी सुट्टी असंल ह्या आरतीतनं.” म्हणू दे. पिंपाला मी झाकण आणि कुलूप केलं होतं. मग लक्षात आलं, किल्ली शोधेपर्यंत माणूस जळेल. कुलूप काढलं. आता त्या पिंपाशेजारी मी स्वतः उभा राहतो.

दिवाळीनंतर एका सकाळी रावसाहेब पुन्हा आले. पाहणी नव्हती. साहेब येणार नव्हते. नुसते आले. काठापासून दहा पावलांवर उभे राहिले आणि बघत राहिले.

नऊ माणसं खड्ड्यावर. आठ वाकली. आठांनी जोडे काढले. फळी समोर, तासाभरापूर्वी वाचलेली. धोंडू सगळ्यांत आधी. मला रडू यावं इतका राग आला. लखूची बोटं याच मातीत गेली, यांनीच त्याला उचलून नेलं, आणि तरी!

मी म्हणालो, “काठावरून मागे या. जोडे नाहीत तर काम नाही.”

“काम कोणी थांबवलं?” रावसाहेबांनी विचारलं.

“मी.”

“आणि ती?” त्यांनी बोट केलं.

गंगी काठावर होती. पायात लखूचे जोडे. मोठे होतात म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. ती वाकली नव्हती. माझ्याकडे बघत होती, तिच्या नवऱ्याने बघितलं होतं तशीच, थेट पायांकडे. मी पाय हलवले नाहीत. मग तिने दांडा उचलला आणि घोटायला लागली.

“बीयेसाबांनी सांगितलंय, काढायचं नाय,” ती म्हणाली. कोणाला उद्देशून नव्हे. खड्ड्याला म्हणाली.

बाकीचे आठ जण मागे उभे राहिले. जोडे त्यांनी पुन्हा घातले नाहीत. जमिनीवर ठेवलेही नाहीत. हातात धरून उभे होते, मान खाली, मी कचेरीत उभा होतो अगदी तसे. रावसाहेब जाईपर्यंत. बराच वेळ गेले नाहीत. तेवढा वेळ चुना घोटणारी एकटी गंगी, आणि गावात त्या दिवशी अर्धा चुना.

त्याबद्दल मला पुन्हा ताकीद मिळाली. कामात खोळंबा.

ते उद्या येतील. परवा येतील. दर वेळी आठांना मी काठावरून मागे घेईन. दर वेळी काम थांबेल, दर वेळी मी लिहीन ते कोणामुळे थांबलं. ते आठ जण मला शिव्या देतात, मला ऐकू येतात. बा बोलत नाही, तेही ऐकू येतं. माझे बूट टाचेशी झिजले आहेत आणि उजव्याची शिवण उसवली आहे. फाटतील तेव्हा फाटतील. तोपर्यंत ते माझ्या पायात असतील. हातात धरणार नाही.